अमेरिकेच्या जुन्या नोटा : संग्रह आणि पारख

श्रोतेहो, नाण्यांचा संग्रह करणारीं माणसें आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिलीं असतील. शिवराई, होन, राणीछाप रुपये यांनीं भरलेली एखादी पेटी आपल्या परिचयाच्या कोणाच्या तरी घरीं असतेच. परंतु कागदी नोटांचा, आणि त्यांतही परक्या देशाच्या जुन्या नोटांचा, संग्रह करणारा मनुष्य भेटला म्हणजे लोक त्याच्याकडे जरा विचित्र नजरेनें पाहतात. सोनें वितळवितां येतें, चांदी मोडतां येते. जुन्या कागदाचें काय करावयाचें, असा प्रश्न मला पुष्कळदां विचारण्यांत आला आहे. त्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा आज माझा विचार आहे. मी या विषयांतील पंडित नव्हे. मी एक निवृत्त शाळामास्तर. आणि हा विषय मी प्रथम हौसेनें नव्हे, तर माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळें शिकलों. ती चूक कोणती, तें शेवटीं सांगेन. आधीं नोटांकडे वळूं.

पाश्चात्य जगांतील अगदीं आरंभींच्या सरकारी कागदी चलनांपैकीं एक अमेरिकेंत निघालें. त्या वेळीं तेथें स्वतंत्र राष्ट्र नव्हतें, इंग्रजांच्या वसाहती होत्या. त्यांपैकीं मॅसेच्युसेट्स वसाहतीनें १६९० सालीं क्वेबेकवर स्वारी केली. लुटींतून शिपायांचा पगार भागेल अशी आशा होती. स्वारी फसली, शिपाई रिकाम्या हातांनीं परत आले, आणि तिजोरींत तर नाणें नव्हतें. तेव्हां सरकारनें पगारापोटीं कागदी चिठ्ठ्या दिल्या आणि कर भरतांना त्या घेतल्या जातील असें वचन दिलें. हातीं सोनें नाहीं म्हणून दिलेलें वचन, हा त्या देशांतील कागदी चलनाचा उगम. पुढील अडीचशें वर्षांच्या नोटा ओळीनें मांडल्या, तर कोणतें वचन पाळलें गेलें आणि कोणतें मोडलें याचा जणूं एक जमाखर्चच आपल्यापुढें उभा राहतो. नोटांच्या संग्रहाची खरी गोडी मला तरी येथेंच वाटते.

फिलाडेल्फियाचा प्रसिद्ध छापखानदार बेंजामिन फ्रँकलिन यानें वसाहतींच्या नोटा छापण्याचें काम पुष्कळ वर्षें केलें. नक्कल होऊं नये म्हणून त्यानें एक नामी युक्ति काढली. झाडाच्या खऱ्या पानाचा साचा घेऊन त्याचा ठसा तो नोटेवर उमटवी. पानाच्या शिरांची बारीक जाळी कोणत्याही कारागिराला हुबेहूब कोरतां येणें कठीण होतें. तेवढ्यानें भागेना म्हणून, नक्कल करणारास देहांत शिक्षा होईल अशा अर्थाचीं अक्षरेंही त्या काळच्या अनेक नोटांवर घातलेलीं दिसतात.

१७७५ सालीं वसाहतींचें इंग्लंडशीं युद्ध जुंपलें. त्यांच्या काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकार नव्हता; तेव्हां तिनें युद्धाचा खर्च नोटा छापून चालविला. अशा सुमारें २४ कोटि डॉलरच्या 'कॉन्टिनेंटल' नोटा निघाल्या. त्यांत इंग्रजांनीं बनावट नोटा मुद्दाम पसरविल्या. १७८० सालीं चाळीस कागदी डॉलरांस एक चांदीचा डॉलर असा हिशेब काँग्रेसनेंच मान्य केला, आणि १७९० च्या कायद्यानें तर शंभरास एक या दरानें त्या सरकारी रोख्यांत बदलून देण्याचें ठरलें. आपण एखाद्या टाकाऊ वस्तूची फुटक्या कवडीशीं तुलना करतों, तशी अमेरिकन मनुष्य त्या वस्तूची कॉन्टिनेंटल नोटेशीं करूं लागला. गंमत अशी कीं, त्या काळीं ज्या नोटेला कोणी विचारीत नव्हतें तीच आज संग्राहक काळजीनें जपून ठेवतात.

या अनुभवानें पोळलेल्या लोकांनीं नव्या राज्यघटनेंत घटक राज्यांना नोटा काढण्याची मनाईच केली. परंतु खाजगी पेढ्यांना ती मनाई नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत शेंकडों पेढ्यांनीं आपापल्या नोटा काढल्या. आकार वेगळे, चित्रें वेगळीं, रंग वेगळे. कोणावर आगगाडी, कोणावर देवमाशाची शिकार, कोणावर धान्य कापणारे शेतकरी. दुकानदारास खरी कोणती, खोटी कोणती, आणि कोणत्या पेढीचें दिवाळें निघालें, हें पाहण्यासाठीं नियमानें निघणारीं माहितीपत्रकें जवळ ठेवावीं लागत. पेढ्या बुडाल्या, त्यांच्या नोटा उरल्या. संग्राहकांत यांना 'मोडक्या पेढ्यांच्या नोटा' असेंच म्हणतात. कोरीव काम अत्यंत सुबक आणि किंमत पुष्कळदां बेताची, म्हणून नवशिक्यानें आरंभ येथून करावा असा जाणत्यांचा सल्ला असतो.

आतां आपण १८६१ सालापर्यंत आलों. हें साल लक्षांत ठेवण्यासारखें आहे. याच सालीं हिंदुस्थान सरकारनें कागदी चलनाचा कायदा करून नोटा काढण्याचा अधिकार आपल्या हातीं घेतला, आणि याच सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू होऊन तेथील मध्यवर्ती सरकारनेंही आपल्या 'डिमांड' नोटा काढल्या. त्या ५, १० आणि २० डॉलरच्या असत. मागील बाजू हिरव्या शाईनें छापलेली, म्हणून लोक त्यांना 'ग्रीनबॅक' म्हणूं लागले, आणि तें नांव पुढें सर्वच अमेरिकन नोटांना चिकटलें. या नोटांवर खजिनदारानें आणि नोंदणी अधिकाऱ्यानें सही करावयाची होती. पण लाखों नोटांवर दोन माणसें सही कशी करणार? म्हणून त्यांच्या वतीनें कारकून बसविण्यांत आले. 'यांच्याकरितां' या अर्थाचे शब्दही ते प्रथम हातानेंच लिहीत. थोड्याच दिवसांत ते शब्द नोटेवर छापण्यांत येऊं लागले. आज तेच दोन हस्तलिखित शब्द असलेली नोट छापील शब्दांच्या नोटेपेक्षां कितीतरी दुर्मिळ आणि महाग आहे. संग्राहकाचें लक्ष कोणत्या बारीक गोष्टींवर असतें, याचें हें चांगलें उदाहरण होय.

युद्धकाळांत लोकांनीं नाणीं दडवून ठेवलीं आणि मोडीची टंचाई झाली. लोक टपालाचीं तिकिटेंच चिल्लर म्हणून देऊं लागले. तेव्हां सरकारनें तीन सेंटपासून पन्नास सेंटपर्यंतच्या चिमुकल्या नोटा काढल्या. त्यांपैकीं एका पांच सेंटांच्या नोटेवर क्लार्क नांवाच्या खजिन्यांतील अधिकाऱ्यानें स्वतःचेंच चित्र छापून घेतलें. काँग्रेस संतापली, आणि जिवंत मनुष्याचें चित्र नोटेवर घालूं नये असा कायदा १८६६ सालीं झाला.

विरुद्ध पक्षाच्या, म्हणजे दक्षिणेकडील बंडखोर संस्थानांच्या नोटांची कथा आपल्याला अधिक जवळची आहे. त्यांच्या पहिल्या मोठ्या नोटा १८६१ सालीं माँटगोमेरी येथून निघाल्या. पैकीं हजार डॉलरच्या नोटा अवघ्या ६०७ होत्या, आणि मौज ही कीं त्या शत्रूच्या मुलुखांत, न्यूयॉर्कमध्यें, छापून घेतलेल्या होत्या. पुढें तो मार्ग बंद झाला. दक्षिणेंत चांगले ठसे कोरणारे फारसे नव्हते. मग शिळाछापावर काम भागविण्यांत आलें, आणि अंकांवर व सह्यांवर कारकुनांच्या लेखण्या झिजल्या. रिचमंड येथें स्त्रियाही हें सह्या करण्याचें काम करीत. नोटेवर वचन असें : दोन्ही राज्यांत तह झाल्यावर सहा महिन्यांनीं, आणि पुढच्या नोटांवर दोन वर्षांनीं, पैसे मिळतील. तो तह कधींच झाला नाहीं. १८६८ सालच्या घटनादुरुस्तीनें बंडखोरांचें सारें कर्ज रद्द ठरविलें.

दक्षिणेचा सारा भरंवसा कापसावर होता. उत्तरेच्या आरमारानें तिचीं बंदरें रोखलीं, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि त्या गिरण्यांची नजर मुंबईकडे वळली. वऱ्हाड, खानदेश, गुजराथ येथील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. रोज नव्या कंपन्या निघूं लागल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजनांचे शेअर कित्येक पट भावानें विकले जाऊं लागले. प्रेमचंद रायचंद हे या व्यवहारांतील अग्रणी. १८६५ च्या एप्रिल महिन्यांत दक्षिणेचा सेनापति ली शरण गेला. कापसाचा भाव कोसळला, आणि त्याच वर्षीं मुंबईचा शेअरबाजार बुडाला. म्हणजे ज्या घटनेनें रिचमंडच्या नोटा रद्दी केल्या, तिनेंच मुंबईचे शेअरही रद्दी केले. प्रेमचंदांनीं तेजीच्या दिवसांत विद्यापीठाला दिलेल्या देणगींतून राजाबाई टॉवर उभा राहिला. तो १८७८ सालीं पुरा झाला. त्याखालून जातांना मला त्या बंडखोरांच्या नोटांची आठवण हटकून होते.

युद्धानंतरच्या नोटा कलेच्या दृष्टीनें फार सुंदर आहेत. १८९६ सालीं निघालेली एक डॉलरची चांदी-प्रमाणपत्राची नोट तर शिक्षकानें आपल्या भिंतीवर लावावी अशी आहे. तिच्यावर इतिहासदेवता एका मुलाला जवळ घेऊन राजधानीचें दृश्य दाखवीत आहे, बाजूला अमेरिकेची राज्यघटना उघडून ठेवलेली आहे, आणि कडेच्या महिरपींत त्या देशांतील थोर व्यक्तींचीं नांवें गुंफलेलीं आहेत. त्याच मालेंतील दोन डॉलरच्या नोटेवर विज्ञान वाफेची व विजेची ओळख व्यापाराला व उद्योगाला करून देत आहे. या मालेला 'शैक्षणिक माला' असेंच नांव पडलें आहे. १८९९ च्या पांच डॉलरच्या नोटेवर सू जमातीच्या एका नायकाचें चित्र आहे, पण त्याच्या डोक्यावर दुसऱ्याच जमातीचा टोप चढविलेला आहे. १८९० च्या हजार डॉलरच्या नोटेच्या मागील बाजूस असलेलीं तीन शून्यें हिरव्या पट्ट्यांच्या कलिंगडांसारखीं दिसतात. म्हणून ती 'थोरली कलिंगड नोट' म्हणून ओळखली जाते. तशी एक नोट २०१४ च्या जानेवारींत ३२ लाखांहून अधिक डॉलरांस लिलावांत विकली गेली.

१९२९ पूर्वींच्या नोटा आजच्यापेक्षां मोठ्या, सात इंचांहून अधिक लांब असत. त्या वर्षीं त्या लहान करण्यांत आल्या. १८६३ पासून १९३५ पर्यंत बारा हजारांहून अधिक राष्ट्रीय पेढ्यांनीं सरकारकडे रोखे तारण ठेवून आपापल्या नांवाच्या नोटा काढल्या. आपल्या जन्मगांवच्या पेढीची नोट मिळविण्यासाठीं अमेरिकन संग्राहक वर्षानुवर्षें थांबून राहतो. मोठ्या शहराच्या पेढीची नोट हजारोंनीं मिळते. ज्या खेड्यांतील पेढी चारदोन वर्षें चालली तिची कदाचित् एकही सांपडत नाहीं.

यावरून दुर्मिळतेविषयीं पहिला धडा मिळतो. नोटेचें वय आणि नोटेचें मोल हीं दोन निराळीं आहेत. किती छापल्या यापेक्षां किती उरल्या, आणि किती लोकांना ती हवी आहे, यावर किंमत ठरते. १८६४ सालची बंडखोरांची दहा डॉलरची नोट दीडशें वर्षांहून जुनी आहे, पण ती विपुल मिळते. उलट कालपरवांची एखादी नोट क्रमांकापुढील चांदणीमुळें मोलाची ठरते. छापतांना खराब झालेल्या नोटेच्या जागीं जी दुसरी घालतात, तिच्यावर अशी चांदणी असते. ही पद्धति १९१० पासून आहे.

दुसरा धडा प्रतीचा. एकाच प्रकारच्या दोन नोटांपैकीं एक कोरी आणि दुसरी घडी पडलेली असली, तर त्यांच्या किमतींत दसपटीचेंही अंतर पडूं शकतें. हल्लीं तज्ज्ञांच्या संस्था सत्तर गुणांपैकीं गुण देऊन नोट बंद पाकिटांत घालून देतात. नोटा ओळखण्यासाठीं फ्रीडबर्ग यांच्या सूचींतील क्रमांक सर्वत्र वापरतात. ती सूची प्रथम १९५३ सालीं निघाली.

तिसरा धडा निगेचा. नोट धुऊं नये, इस्त्री करूं नये, फाटली तर चिकटपट्टी लावूं नये, कडा कापून सरळ करूं नयेत. मळ गेला कीं मोलही जातें. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत, ऊन व दमट हवा यांपासून दूर ठेवावी. साधें मऊ प्लॅस्टिक कालांतरानें चिकट होतें आणि नोट खातें. आपल्या कोंकणांत तर पावसाळ्याचे चार महिने ही काळजी दुप्पट घ्यावयास हवी.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतों. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें १८६१ पासून काढलेल्या नोटा आजही दर्शनी किमतीला चालतात. त्या रद्द झालेल्या नाहींत. आपण २०१६ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत पांचशें आणि हजाराच्या नोटा घेऊन रांगेंत उभे होतों, त्यामुळें हें आपल्याला नवलाचें वाटतें. मात्र खाजगी पेढ्यांच्या आणि बंडखोरांच्या नोटांना हें लागू नाहीं. त्यांचें मोल केवळ संग्राहकांपुरतें आहे.

आतां माझी चूक. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील एक पत्र्याची डबी घेऊन माझ्या घरीं आले. त्यांचे आजोबा रत्नागिरीकडचे, जन्मभर बोटीवर खलाशी होते. डबींत एक मोठी पिवळट नोट होती, जाड, कुरकुरीत. तिच्यावर 'बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स', एक हजार डॉलर आणि १८४० साल हीं अक्षरें स्पष्ट होतीं. शेजारीं एक घडी घातलेला मळका डॉलर होता. "गुरुजी, तुम्ही शिकलेले. ही खरी आहे का तेवढें सांगा," ते म्हणाले. मुलीला पुढील शिक्षणासाठीं पुण्यास पाठवावयाचें होतें. मीं भिंग घेतलें, शब्दकोश उघडला, आणि जुनाट कागदाकडे पाहून भारदस्तपणें सांगितलें कीं नोट खरी दिसते, लाखों रुपयांची असेल. माझ्या त्या वाक्याच्या भरंवशावर त्यांनीं व्याजानें पैसे काढले.

तीन महिन्यांनीं मुंबईंतील एका जाणत्या गृहस्थांनीं ती नोट हातीं धरली, आणि प्रथम क्रमांक पाहिला. ८८९४. ते हंसले नाहींत, हें त्यांचे उपकार. त्या पेढीच्या अस्सल नोटाही आहेत, पण त्यांचे क्रमांक अर्थातच निरनिराळे असतात. ८८९४ या एकाच क्रमांकाच्या असंख्य प्रती गेल्या शतकांत प्रवाशांना आठवण म्हणून विकण्यासाठीं छापल्या गेल्या, आणि कागद मुद्दाम जुनाट करण्यांत आला. त्यांनीं मला समजावून दिलें : खऱ्या जुन्या नोटेचा कागद बहुधा पातळ आणि मऊ असतो, चर्मपत्रासारखा कुरकुरीत नसतो, सही शाईची असते, तिचा रंग छापील मजकुराहून वेगळा दिसतो आणि ती कागदांत मुरलेली असते, प्रतिकृतींत सही आणि क्रमांक मजकुराबरोबरच छापलेले असतात. तसेंच बंडखोरांच्या नोटांच्या प्रतिकृति युद्ध चालू असतांनाच, १८६२ सालीं, फिलाडेल्फियाचा अपहॅम नांवाचा दुकानदार उघडपणें विकीत असे. खालच्या कडेला तो आपलें नांव छापी. लबाड लोक तेवढी कड कापून नोट चालवीत.

मग त्या गृहस्थांनीं तो मळका डॉलर उलगडला. त्यावरील सरकारी मोहोर नेहमींप्रमाणें निळी नसून पिवळी होती. दुसऱ्या महायुद्धांत उत्तर आफ्रिकेंतील अमेरिकन सैन्यासाठीं अशा पिवळ्या मोहोरेच्या नोटा वेगळ्या काढल्या होत्या. शत्रूच्या हातीं पडल्या तर तेवढ्याच रद्द करतां याव्यात, हा हेतु. आजोबा युद्धांत त्या बाजूच्या बंदरांत होते, असें घरांत सांगत असत. आतां त्याचा पुरावा मिळाला. ती नोट खरी होती. तिची किंमत मात्र मुलीच्या चारदोन पुस्तकांपुरतीच होती.

तें कर्ज फेडावयास त्या घराला सहा वर्षें लागलीं. मीं माझ्याकडून होईल तें केलें, पण तें थोडेंच होतें. मुलगी शिकली, आज नोकरींत आहे. तिच्या वडिलांनीं मला कधीं दोष दिला नाहीं. "तुम्ही काय मुद्दाम सांगितलंत?" एवढेंच म्हणाले. मास्तरानें न येणारा धडा शिकवूं नये, हें मीं तीस वर्षें मुलांना सांगत आलों होतों, आणि वेळ आली तेव्हां 'मला ठाऊक नाहीं' हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहींत. ती ८८९४ क्रमांकाची नोट त्यांनीं मला देऊन टाकली. ती माझ्या टेबलाच्या कांचेखालीं असते. कोणी जुना कागद घेऊन आला कीं मी आधीं तिच्याकडे पाहतों आणि मग बोलतों.

तेव्हां श्रोतेहो, आपल्या घरांतील एखाद्या ट्रंकेंत अशी नोट निघाली, तर ती फेंकूं नका, धुऊं नका, आणि तिच्यावर विसंबून एक पैसाही काढूं नका. प्रथम क्रमांक वाचा, मग कागद चांचपून पाहा, मग सही पाहा. आणि शेवटीं ज्याचा तो अभ्यास आहे त्यालाच विचारा. शेजारची मळकी घडीही उलगडून पाहावयास विसरूं नका.